पेन्सिलीची खूण

कॉलेजात प्रॉक्सी म्हणजे
दुसऱ्याच्या नावाला दिलेली ‘हजर’.
हे त्याच्या उलट.
इथं दारातला एकटाच सगळ्यांच्या वतीनं आत जातो
आणि आत बसलेल्यांना
बाहेर कोण उभं आहे ते दिसत नाही.

शहापूरच्या विणकर पतसंस्थेत
सर्व्हर एकच, जिन्याखाली,
पूर्वी सुताचे गठ्ठे ठेवत तिथं.
पंख्याला अजून तंतू चिकटतात.
कर्जखातं तीन हजारच्या पोर्टवर,
सुताचा साठा तीन हजार एकवर,
आणि आठ हजार ऐंशीवर पेन्शनचं एक जुनं,
जे लिहिणारा मुलगा पुण्याला गेला
आणि ज्याला हात लावायला मीही भिते.
रस्त्यावर उघडणारं दार मात्र एकच.
कुलूप त्याच्याकडे, सर्टिफिकेट त्याच्याकडे.
कुणी पत्त्यात बेळगाव लिहो, कुणी बेळगावी,
दोन्ही नावं मी एकाच ओळीत घातलीत,
मधे फक्त एक जागा सोडून.

सोमवारी अकराला सगळं ठप्प.
फोनवर फोन.
“उघडेना झालंय की गे!”
कन्नडमधून तेच, उर्दूतून तेच.
मशीन चालू, मेमरी मोकळी, दार उघडं.
लॉग काढला तर हजारभर ओळी
आणि प्रत्येक ओळीला एकच पत्ता:
१२७.०.०.१.
म्हणजे घरचाच. म्हणजे हेच मशीन.
वडगावात कुणाचा तरी पासवर्ड पाचदा चुकला होता
आणि कर्जखात्यानं नियमाप्रमाणं
त्या एका माणसाला बाहेर काढलं,
म्हणजे अख्ख्या गावाला.

तेव्हा तिप्पण्णा होसमनी आठवले.
एकतीस वर्षं काउंटरच्या जाळीमागं.
समोरचा ज्या भाषेत बोलेल त्या भाषेत ऐकत,
चिठ्ठी करून आत नेत,
आतलं उत्तर आणून
आपलंच असल्यासारखं सांगत.
कारकुनांनी कधी माणूस पाहिला नाही.
त्यांच्या लेखी सगळं शहापूर
तिप्पण्णांच्याच आवाजात कर्ज मागत होतं.
फक्त चिठ्ठीच्या कोपऱ्यात ते बारीक लिहीत, पेन्सिलीनं:
खासबागची सावंत्रव्वा.
अनगोळचा मुदकप्पा, ऐकू कमी येतं.
होसूरचा, नाव सांगत नाही.
कुणी चलाख कोपरा आधीच भरून आणायचा,
‘चेअरमनच्या घरचा’ वगैरे,
तर खिशातून रबर निघे.
“दाराबाहेर लिहिलेलं धरायचं नसतंय, अक्का.
मी बघितलो तेवढंच खरं.”

दोन ओळी कमी होत्या.
दारासाठी एक: आलेल्याचा पत्ता चिठ्ठीला जोड,
त्यानं स्वतः लिहिलेलं काही असेल तर पूस.
आतल्यांसाठी एक: याच दाराची पेन्सिल खरी माना.
मग रीलोड.
ते चालू असलेल्याचं बोलणं मधे तोडत नाही,
तेवढी रीत त्यालाही आहे.

दुपारपर्यंत लॉगमध्ये गाव परतलं.
वेगवेगळे आकडे, एकाखाली एक,
आणि वडगावचा तो अजून चुकतोच आहे,
एकटा, आपल्या हिशेबानं.

चारला पेन्शनचं बसलं. ते बसतंच.
दार म्हणालं, ५०२.
फोन वाजला. तिप्पण्णाच.
“पाचशे दोन म्हंजे काय गं, अक्का?
कुणाचा खातेनंबर हाय हा?”
आतलं अजून उठलं नाही, मी म्हटलं,
दार तेवढं जागं आहे.
“मग तसं सांग की लोकांना. आकडा काय सांगालीस?”

संध्याकाळी ते पान बदललं.
आकडा काढला.
आता आतलं उठेपर्यंत दारावर दिसतं,
दोन लिप्यांत, वरखाली,
ते जाळीतून म्हणायचे ते:
साहेब जेवायला गेलेत, बसा जरा.
साहेब्रु ऊटक्क होग्यार, कुंड्री.